आबांच्या आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे

इंदापूर,
६ डिसेंबर १९९८

आबा,

मुजम्मिलचा सलाम. प्रतिक्षावहिनी, आधी आबांना बाजेवर नीट टेकवून बसवा आणि मग वाचा, नाहीतर निम्म्यातच "बास झालं" म्हणून उठतील आणि माझं पत्र तसंच राहील.

आबा, परवा बाजारात भिमा ढोलवाला भेटला. चहा पाजला, भजी खाऊ घातली, तेव्हा कुठं त्याचं तोंड उघडलं. म्हणाला, यंदाबी आबा गायचं न्हाय म्हणत्यात. मी विचारलं, मग चैत्रात बिरोबाच्या जत्रेला सुंबरानाची पहिली ओवी कोण म्हणणार? तर म्हणतो, मागच्या चैत्रात तुमच्या जागी तुमच्या पोराला, मल्हारला, उभं केलं आणि तो दोन ओव्यांत घामाघूम झाला, आता तो देवळाकडं फिरकत नाही, म्हणून सांगवीचं मंडळ बोलवायचं घाटतंय.

सांगवीचं! आबा, लासुर्ण्याच्या बिरोबापुढं जत्रेची पहिली ओवी सांगवीकरांनी म्हणायची आणि तुम्ही घोंगडं पांघरून ऐकायची? चाळीस वर्षं ती तुमच्या तोंडून निघाली. माझा बाप फकीरचाचा देवळावर लाऊडस्पीकर बांधायचा तेव्हापासून मी ऐकतोय. कर्णा नीट वाजतोय का बघायला तो तुम्हाला आधी गायला लावायचा आणि तुम्ही मुद्दाम इतका चढा सूर लावायचात की कर्णा खरखरायचा. मग तो खालून ओरडायचा, "बापूसाहेब, माझं पोट हाय त्याच्यावर, जरा दमानं!" सगळं मंडळ हसायचं.

आवाज उतरला म्हणून गायचं सोडायचं, हे कुठलं शास्त्र? उतरला तर उतरला. साठी उलटलेल्या माणसाचा आवाज काय कोवळा राहणार आहे? तुम्ही म्हणाल, हे तू सांगतोस? तर तो विषय आता नको. झालं ते झालं.

मी चैत्रापासून तिकडं आलो नाही. रागावू नका. दुकानात कॅसेटींचं काम, घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगचं काम, मान वर करायला फुरसत नाही. घरात बायको, फरजाना, रोज विचारते, आबांकडं कधी जायचं. जाऊ म्हणतो.

भिमाबरोबर ज्येष्ठमध पाठवलाय. गालात धरत जा.

तुमचा
मुजम्मिल


इंदापूर,
३ जानेवारी १९९९

आबा,

रोजे चालू आहेत. तोंड कोरडं आणि डोकं गरम, तेव्हा काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर पदरात घ्या.

वहिनींचं कार्ड मिळालं. त्यावर तुमचा एकच निरोप. "भंडारा उचलून तूच बोललास, आवाज माझाच हाय म्हणून. आता कशापायी गा म्हणतोस?"

बरं. तो दिवस काढलाच आहे तर माझीबी बाजू ऐका. गेल्या साली संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढं तुम्ही, मल्हार, भिमा आणि गावातली वीसेक माणसं बसली होती. मी हौसेनं नवी कॅसेट घेऊन आलो होतो. तुमच्या ओव्यांची पहिली कॅसेट, वर तुमचा फेट्यातला फोटो. टेप लावला. पहिली ओवी संपायच्या आत तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, "ह्यो माझा आवाज न्हाय."

वीस माणसांपुढं, आबा! दोन महिने मी त्या कामावर डोळे फोडले होते. भिमानं माझ्या घरी येऊन, तुमचा आवाज कानात घेऊन त्यावर ढोल वाजवला होता, आणि तोही म्हणाला होता की आबा आता लय रेंगाळत्यात, दम पुरत न्हाय. मग मी काय समजायचं? माझं टाळकं फिरलं. मी बोललो, "आबा, मशीन खोटं बोलत नसतं. माणसाला स्वतःचं वय ऐकू येत नाही." एवढं बोलायला नको होतं. मान्य. पण तुम्ही तरी काय केलंत? गाभाऱ्यातनं मूठभर भंडारा आणून माझ्यापुढं धरलात. "उचल आन् सांग." मी उचलला. मुसलमान असून उचलला, कारण त्या देवळाच्या सावलीत मी लहानाचा मोठा झालो आणि मला माझ्या कामाची खात्री होती. तुम्ही म्हणालात, "मग खरं असंल." धोतर झटकलंत आणि घरी गेलात. तेव्हापासून तुम्ही गायला नाहीत.

आता मुद्द्याचं लिहितो. मी बराच विचार केला. माझ्या मते त्या दिवशी व्होल्टेज कमी असणार. व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटर कशी कण्हत फिरते? टेपची मोटरही तशीच. ती मंद फिरली की आवाज जड येतो आणि लांबतो. म्हणजे आवाज तुमचाच होता, वाजला तेवढा जड. भंडारा उचलून मी काही खोटं बोललो नाही आणि तुमचा गळाही काही बिघडलेला नाही. दोष विजेचा.

तेव्हा चैत्रात गा. सांगवीकरांना नारळ देऊन परत पाठवू.

तुमचा
मुजम्मिल


इंदापूर,
२४ जानेवारी १९९९

प्रतिक्षावहिनी,

हे पत्र तुम्हाला आहे. आबांना वाचून दाखवू नका. मल्हारलाही सांगू नका, तो माझा दोस्त आहे आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आबांचा निरोप वाचला आणि भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं. "टेप त्या दिशी सेलवर वाजत हुता. मल्हारनंच सेल आणलं हुतं. मुजम्मिलला म्हणावं, रोज्यात तरी खरं बोल." वहिनी, ईद झाली चार दिवसांपूर्वी. शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवली.

खरं काय ते तुम्हाला सांगतो. तुम्ही दहावी शिकलेल्या आहात, तुम्हाला कळेल.

कॉम्प्युटर आवाज आख्खा ठेवत नाही. तो एका सेकंदाच्या आवाजाचे हजारो तुकडे करतो, ते मोजून ठेवतो आणि वाजवताना तेवढेच एका सेकंदात परत सोडतो. मग आपल्याला सलग ऐकू येतं. आबांचं गाणं घेताना मी सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार तुकडे ठेवले. पुण्याच्या एका ओळखीच्यानं सांगितलं होतं की जेवढे जास्त तेवढं चांगलं. आपलं गणित तेच की, लग्नात जिलबी जास्त तर लग्न झकास. माझी खोली दहा बाय दहाची, भिंतींना गाद्या लावलेल्या. त्यात ढोल घुमला असता, म्हणून आबांना एकट्यालाच गायला बसवलं आणि ढोल मागनं चढवायचा ठरवला. तिथंच घात झाला. ढोल बरोबर असता तर तोही बसका ऐकू आला असता आणि भिमानं जागच्या जागी माझा कान धरला असता.

ढोल चढवायला दुसरा प्रोग्रॅम होता. त्यानं आबांची फाइल उघडताना विचारलं, सेकंदाला किती तुकडे? आणि उत्तराच्या जागी त्यानंच चव्वेचाळीस हजार शंभर लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नाही. एंटर दाबलं.

एवढंच. तुकडे होते तेवढेच राहिले, पण सेकंदाला कमी वाजायला लागले. म्हणून गाणं लांबलं, सूर खाली बसला, आणि जिथं आबा झटक्यात श्वास घेतात तिथं ते धाप लागल्यासारखे वाटायला लागले. भिमानं त्याच्यावर ढोल वाजवला, तोही मग दमादमानंच वाजवला. ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा थकला.

मला कळायला हवं होतं. आबा माझ्या मनगटावरच्या घड्याळात एकोणतीस मिनिटं गायले. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. तरी शेवटची ओवी मावेना. एकोणतिसाचे साडेएकतीस कुठनं झाले हे मी विचारलंच नाही, ओवी कापून मोकळा झालो. पुढं निवडणूक आली. प्रचाराच्या घोषणा त्याच वाटेनं काढल्या, तर आवाज असे भारदस्त आले की कार्यकर्ते खूश! म्हणाले, मुजम्मिल, काय कला आहे तुझ्या हातात. मीही छाती फुगवून हिंडलो.

मग श्रावणात कोऱ्हाळे बुद्रुकचे मोहनराव भजनवाले पेटी घेऊन आले. काळी एकमध्ये गायले. आठवड्यानं कॅसेट ऐकायला आले आणि पेटी उघडून सूर जुळवायला लागले. जुळेना. पांढरी एक दाबली, वर. पांढरी सात दाबली, खाली. म्हणाले, "अहो, तुमच्या कॅसेटीतला सूर माझ्या पेटीतच न्हाय!" हसले बिचारे. माझ्या पायाखालची जमीन सरकली, वहिनी. माणसाचा आवाज बसेल, पेटी आठ दिवसांत कशी बसेल? ते गेल्यावर मी आबांची मूळ फाइल काढली. ती पुसायला हात धजला नव्हता. आकडा नीट घातला आणि लावली.

आबा होते. कर्णा खरखरवणारे आपले आबा. मी जमिनीवर बसून रडलो.

ती गोष्ट ऑगस्टातली आणि आता जानेवारी चाललाय. मोहनरावांना दुसरी कॅसेट करून दिली, वर एक शब्द बोललो नाही. आबांना सांगायला पाच महिन्यांत पाय उचलला नाही. लासुर्ण्याची एसटी रोज दुकानापुढनं जाते आणि मी मान खाली घालून तारांना कथलाचा डाग देत बसतो. लोक म्हणतील, याला काम येत नाही, ही भीती होतीच. खरी भीती भंडाऱ्याची. देवाला हातात धरून मी त्या माणसाचा गळा दाबला. फरजानाला सांगितलं की चूक मशीनची होती. ती भाकरी थापत होती, वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, "मशीनची असती तर भंडारा मशीननं उचलला असता."

वहिनी, तुम्हाला एक विचारतो. आबांना यातलं काही न सांगता ते गायला लागतील अशी काही युक्ती आहे का? डॉक्टरकडं नेऊन गळा ठणठणीत आहे असं वदवून घेऊ? तुम्ही सून आहात, तुमचा शब्द ते मोडत नाहीत. काहीतरी करा.

तुमचा भाऊजी
मुजम्मिल


इंदापूर,
१४ फेब्रुवारी १९९९

आबा, आणि देवळापुढं जमलेली सगळी मंडळी,

हे पत्र प्रतिक्षावहिनी मोठ्यानं वाचतील. गेल्या सालच्या संक्रांतीला जेवढी माणसं होती तेवढी सगळी आल्याशिवाय वाचू नका अशी माझी विनंती आहे. कुणी रानात गेलं असेल तर थांबा.

यात एक गोष्ट आधी सांगतो. हे पत्र मी आपणहून लिहिलेलं नाही. मी वहिनींना दुसरं एक लिहिलं होतं, लपवाछपवीचं. त्यांनी उत्तर दिलं, "भाऊजी, तुमचं पत्र पिठाच्या डब्यात ठेवलंय. माझा सासरा वर्षभर भिंतीकडं तोंड करून बसतोय आणि तुमी मला युक्त्या इचारताय? पाडव्याच्या आत तुमी सांगा, न्हायतर मी सांगती." म्हणून लिहितोय. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

गेल्या सालच्या त्या संक्रांतीला मी भंडारा उचलून सांगितलं की कॅसेटमधला आवाज बापूसाहेब आबांचा जसा आहे तसा आहे. ते खोटं होतं. मी आबांचा आवाज एका मापानं भरला आणि दुसऱ्या मापानं ओतला. त्यामुळं तो उतरलेला आणि थकलेला ऐकू आला. कारण फक्त माझं न बघता बटण दाबणं. वीज ठीक होती, सेल ठीक होते, टेप ठीक होता. आबांचा आवाज त्या दिवशी ठणठणीत होता. आबा पहिल्याच ओवीला म्हणाले, "ह्यो माझा आवाज न्हाय," ते खरं होतं. तिथं बसलेल्यांत एकट्या त्यांनाच खरं ऐकू येत होतं आणि मी त्यांना वीस माणसांत म्हातारा म्हणालो.

भिमाचा यात दोष नाही. त्याला मी जे ऐकवलं त्यावर त्यानं वाजवलं. मल्हारचाही नाही. त्याला मागच्या चैत्रात गाता आलं नाही कारण त्याचा बाप समोर मुका बसला होता.

चूक मला गेल्या श्रावणातच समजली. तेव्हापासून आजपर्यंत मी गप्प राहिलो, आणि मध्ये एकदा व्होल्टेजची थाप मारली. चुकीपेक्षा हे वाईट आहे.

भंडारा खोटा उचलला त्याचं प्रायश्चित्त तुम्ही सांगाल ते. लाऊडस्पीकरचं काम आमच्या घराण्याकडनं काढून घेतलं तरी माझी तक्रार नाही. फक्त आबांना आज सगळ्यांनी मिळून म्हणा, जत्रेची पहिली ओवी तुमचीच. मी सांगून त्यांना पटणार नाही. माझं सांगणं त्यांनी एकदा ऐकलंय.

मुजम्मिल फकीर


इंदापूर,
२४ मार्च १९९९

प्रतिक्षावहिनी,

तुम्ही लिहिलंत की माझं पत्र वाचून झाल्यावर मी आबांना भेटायला आलो, त्या दिवशी आबांनी सगळ्यांना देवळाबाहेर काढलं, आत आम्ही दोघंच होतो, अर्ध्या तासानं मी डोळे पुसत बाहेर आलो आणि चहाही न घेता एसटीत बसलो. आबांना विचारलं तर म्हणतात, "त्यालाच इचार." म्हणून सांगतो. हे मात्र हवं तर मल्हारला वाचून दाखवा.

मी पिशवीत टेप घेऊन आलो होतो. आत नीट केलेली कॅसेट होती, आबांचा खरा आवाज, पुऱ्या एकोणतीस मिनिटांचा. सबंध रस्ता मनाशी घोकत आलो होतो की एकदा का त्यांनी हा ऐकला की सगळं मिटलं. सलाम केला, टेप काढून पुढं ठेवला. आबांनी तो हातानं बाजूला सरकवला.

म्हणाले, "काय हाय त्यात?"

म्हटलं, "तुमचा आवाज आबा. खरा."

"तवा मशीन म्हणलं वाईट. आता म्हणतंय चांगला. दोन्ही येळंला तू मशीनलाच इचारलंस. मला कुठं इचारलंस?"

मी टेप परत पिशवीत घातला. भंडाऱ्याचं काय करू, असं विचारलं. म्हणाले, "सुनंनं पत्र देवळापुढं वाचलं. म्या ऐकलं तसं त्यानंबी ऐकलं असंल. त्याला काय दोनदा सांगाय लागतंय व्हय?" आणि मग एकदम म्हणाले, "गप बस आता. ऐक."

आणि गायला लागले. वहिनी, चौदा महिन्यांनी. ढोल नाही, झांज नाही, मागं झील धरणारं कुणी नाही. डोळे मिटून, एक हात कानाला. मी तिथं चोरासारखा बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, या अल्ला, यांचा आवाज होता तसा असू दे.

नव्हता. पहिली ओळ निघाली. दुसरीला सूर वर जायला पाहिजे तिथं गेला नाही. तिसऱ्या ओळीला दम तुटला. त्यांनी थांबून श्वास घेतला, परत धरली, परत तुटली. चौदा महिने गळ्याला काम नाही, आणि वय काय कुणासाठी थांबतं? माझ्या चुकलेल्या कॅसेटमध्ये ते जसे वाजले होते, अगदी तसे समोर बसून गात होते. मी त्यांना जे खोटं सांगितलं होतं, ते खरं करून ठेवलं होतं. असं वाटलं की जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

आबांनी डोळे उघडले. म्हणाले, "आता तुझ्या कानानं सांग. कसा हाय?"

वहिनी, जिभेवर आलं होतं की झकास आहे आबा, होता तसाच आहे. कोण अडवणार होतं? देवळात दोघंच. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटलं असतं, जत्रा पार पडली असती, आणि मीही सुटलो असतो.  शेवटी म्हणालो, "आबा, आवाज उतरलाय. त्या संक्रांतीला उतरला नव्हता. आता उतरलाय, आणि तो माझ्यामुळं उतरलाय."

 मी मान खाली घातलेली. मला वाटलं उठून जातील, पहिल्यासारखे धोतर झटकून. मग हळू म्हणाले, "मलाबी तसाच ऐकू आला."

मी वर बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा मोकळा होता. म्हणाले, "म्हंजी माझं कान ठीक हायत. लेका, वरीसभर मला वाटत हुतं, मलाच काय ऐकू येत न्हाय. सून हाक मारायची तर म्हणायचो, खरंच मारली का मला भास झाला? गळा जातुया, जाऊ दे. कानावरनं इस्वास उडाला की माणसानं गावं कसं?"

मी पाय धरले. त्यांनी पाठीत एक गुद्दा घातला, चांगला जोरात. मग माझं रडं थांबेपर्यंत तोच हात पाठीवर ठेवला.

जरा वेळानं म्हणाले, "जत्रंला गातू. वर न्हाय जाता आलं तर खालनं गातू. भिमाला सांग, ढोल दमानं धर म्हणावं." मी विचारलं, मल्हारला बरोबर उभं करायचं का? म्हणाले, "मल्हार हाय. तू बी हाईस. तू झीलला बसायचं. जितं माझा दम तुटंल तितं वळ तू उचलायची."

म्हटलं, "आबा, मी? मी तारा जोडणारा माणूस. मला गाता येत नाही."

म्हणाले, "मला तरी आता कुठं येतंय? बस."

वहिनी, जत्रेला आठ दिवस राहिलेत. उद्यापासून रोज चारच्या एसटीनं तालमीला येतोय. मल्हारला घरी थांबायला सांगा.

मुजम्मिल